चाकाचं हँडल

खोपट, ठाणे
६ ऑगस्ट २०२५

दादा,

सोबत राखी आहे. नमस्कार-चमत्कार लिहीत नाही, कारण गेल्या नोव्हेंबरपासून तू माझा फोन घेत नाहीस आणि व्हॉट्सअॅपवर माझ्या मेसेजपुढे एकच टिक पडून राहते. म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतेय, पोचपावतीसकट. सही करून घ्यावं लागेल. तेवढं तरी तुझ्या हातून होईल.

कामाचं बोलते. बाबांच्या कोरायच्या यंत्राचं हँडल परत पाठव.

तू घर सोडून गेलास त्या दिवशी ते पिशवीत घातलंस, मी पाहिलं होतं. तेव्हा गप्प बसले. म्हटलं, राग आलाय, चार दिवसांनी घेऊन येईल, विठ्ठलवाडी काही सातासमुद्रापलीकडे नाही. आता नऊ महिने होत आले. शिसवी मुठीचं ते हँडल घरात ठेवून तू करणार काय आहेस? त्यानं पापडसुद्धा लाटता येत नाहीत.

हर्षितला त्याच्या घड्याळांसाठी पाच तबकड्या पुन्हा करून हव्या आहेत. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ आणि फाल्गुन. का, ते विचारू नकोस, थोडं इकडचं तिकडे झालंय. बारा मराठी महिन्यांची बारा घड्याळं, हे त्याच्या हातून होणारं आजवरचं सगळ्यात मोठं काम आहे, हे तुला मी सांगायला नको. किल्लीची घड्याळं, आतलं चाक न् चाक हातानं घासून चकचकीत केलेलं, वर चांदीची तबकडी, तिच्यावर आपण कोरलेली लहर आणि लहरीवर त्या त्या महिन्याचा पारदर्शक रंग. चैत्र ते आश्विन तू होतास तोवर झाले. सातही चांगले झाले, हे मी मान्य करते.

तुझ्या हँडलच्या जागी लावलेली मोटर काढून टाकली आहे. ती माझी हौस नव्हती, हर्षितनं गळ घातलेली. तेव्हा तो राग आता सोड.

हँडल कापडात नीट गुंडाळून पाठव. स्वतः घेऊन आलास तर जेवायच्या वेळेला ये. दर्शना वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

भावना


४ सप्टेंबर २०२५

दादा,

पोचपावती परत आली. सही वहिनीची आहे. स्वतः सही करायलासुद्धा तुला जड झालं.

गणपतीला तरी येशील म्हणून मोदक जास्त केले होते. ते शेजाऱ्यांनी खाल्ले आणि सारण कोरडं झालंय असंही सांगून गेले.

तुझ्यावाचून अडलंय असं मात्र समजू नकोस. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडून नवीन हँडल करून घेतलं. दिसायला जुन्यापेक्षा देखणं आहे. मग माणूस शोधला. शेजारचे राघोकाका, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते ते. निवृत्त झालेत, हात स्थिर आहे. त्यांना तुझ्या स्टुलावर बसवलं.

शिकवायला गेले आणि तोंडात शब्द येईनात. आपल्याला कधी कोणाला हे सांगावंच लागलेलं नाही. म्हटलं, "काका, हे चाक फिरवायचं. मागे हे पितळी फूल आहे, बारा पाकळ्यांचं. चाकाबरोबर ते फिरतं आणि त्याच्या पाकळ्या तबकडीला डोलवतात. मी समोरून कटर अंगठ्यानं दाबून धरते. तुमचा एक फेरा झाला की चांदीत एक लहर उठते. मग मी कटर एक दात पुढे सरकवते, तुम्ही पुन्हा फेरा मारायचा. असे दोनशे अठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे उसाचा चरक," काका म्हणाले.

"तसंच. फक्त हळू."

"किती हळू?"

पाकळीच्या उंचवट्यावर तू हात आवरता घ्यायचास आणि खोलगट जागी सोडायचास, एवढं मला ठाऊक आहे. पण किती आवरायचास, ते मी कधी पाहिलंच नाही. माझे डोळे कायम भिंगात आणि तू कायम भिंगाच्या बाहेर. बावीस वर्षं आपण एका यंत्राच्या दोन बाजूंना बसलो आणि तुझा हात कसा चालतो ते मी दुसऱ्याला सांगू शकत नाही.

काकांनी चार तबकड्या वाया घालवल्या आणि पाचवीला उठले. "बाय, इंजिन खोलायला सांग, खोलतो. हे माझं काम नाय," म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले.

मग मी एकटीनं करून बघितलं. डाव्या हातानं चाक, उजव्यानं कटर. परदेशात एकच माणूस दोन्ही करतो, हर्षितनं मोबाइलवर दाखवलं. पण ते पहिल्यापासून तसंच शिकलेले असतात. आपल्याकडे बाबांची डाव्या हाताची दोन बोटं कारखान्यातल्या प्रेसखाली गेलेली, म्हणून त्यांनी चाकावर तुला बसवलं आणि तीच या घराची रीत झाली. अर्धं काम तुझ्या हातात, अर्धं माझ्या. माझा डावा हात चाकाला लागला की उजवा अंगठा सैल पडतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी अंगठ्याला नवीन काय शिकवणार?

आता ते इकडचं तिकडे काय झालं तेही सांगून टाकते. त्या पाच तबकड्या मोटरवर केल्या होत्या. ज्यांच्यासाठी हा संच चाललाय ते नाशिकचे संग्राहक जूनमध्ये ठाण्याला आले. हर्षितनं बाराही तबकड्या त्यांच्यापुढे मखमलीवर मांडल्या. रंग अजून चढला नव्हता, सगळ्या नुसत्या चांदीच्या, क्रमही लावलेला नव्हता. त्या गृहस्थांनी भिंगसुद्धा काढलं नाही. खिडकीजवळ नेऊन एकेक पाहिली, पाच उचलून बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "या कोणी केल्या? पहिला माणूस कुठे गेला?"

मी तिथेच उभी होते, दादा.

हर्षित ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ताई, मी मापं घेतली, पाचही परफेक्ट आहेत. पण ते चुकीचं नाही बोलत. यांच्यावर उजेड हलतच नाही."

त्याला ३० नोव्हेंबरपर्यंत पाच नव्या तबकड्या हव्या आहेत. त्यातच आपली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, डिसेंबरात खोली रिकामी करायची. मला भाड्यानं मिळालेली जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, तिथे साडेचारशे किलोचं यंत्र कोण चढवू देईल? तबकड्या झाल्या तर हर्षित त्याच्या गाळ्यात यंत्राला आणि आपल्या दोन स्टुलांना जागा देणार आहे. नाही झाल्या तर लहरी लेझरवर निघतील आणि बाबांचं यंत्र त्याच्या शोरूममध्ये काचेआड उभं राहील, लोकांनी फोटो काढायला. तिसरा रस्ता मला दिसत नाही. तुला दिसत असेल तर सांग.

भावना


२१ सप्टेंबर २०२५

दादा,

दुसऱ्या पोचपावतीवरही वहिनीचीच सही.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. मोटर लावायला हर्षितनं सांगितलं नव्हतं. मीच त्याच्या मागे लागले. तो बिचारा म्हणत होता, "ताई, दादांना विचारलंत ना?" मी म्हटलं, विचारलंय.

का लावली तेही लिहिते. पेन हातात आहे तोवर लिहून होईल, एकदा खाली ठेवलं की नाही व्हायचं.

गेल्या ऑक्टोबरात ते नाशिकचे गृहस्थ आपलं काम बघायला घरी आले होते, आठवतं? तासभर उभे होते. मला वाटलं माझ्या अंगठ्याकडे बघताहेत. मी त्या दिवशी मुद्दाम नवी साडी नेसले होते, तू त्यावरून चिडवलंही होतंस. जाताना ते तुझ्याकडे वळले, तुझा डावा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "लहर इथून येते होय." तू कानापर्यंत लाल झालास. मी चहा टाकायला आत गेले आणि कपबशा आपटल्या. काय झालं म्हणून तू विचारलंस, मी म्हटलं, गॅस संपत आलाय.

बावीस वर्षं लोक माझं नाव घेत होते. माझा फोटो छापून आला, त्या फोटोत तुझा फक्त कोपर आला. आणि मला ते बरोबरच वाटायचं. ज्याच्या हातात कटर त्याची कला, चाक काय, कोणीही फिरवेल. त्या एका वाक्यानं माझं पोट असं दुखलं की विचारू नकोस. तू वहिनीला घेऊन आठ दिवस गावी गेलास, ते आठ दिवस मी साधले. तू परत आलास, बॅग ठेवून सरळ स्टुलाकडे गेलास आणि हँडलच्या जागी मोटर. हँडल मी वर्तमानपत्रात गुंडाळून खिडकीत ठेवलं होतं. तू 'हे काय' एवढंही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी भांडले असते, आणि भांडलो असतो तर मिटलंही असतं. आपलं सगळं आजवर भांडूनच मिटलंय.

तबकडीच्या मागे आपण दोघांची अक्षरं कोरतो, बाबांनी लावलेली रीत. एक 'सं', एक 'भा'. घड्याळात बसल्यावर ती कोणाला दिसत नाहीत. त्या पाच तबकड्यांच्या मागे मी नुसतं 'भा' कोरलं. खुशीत कोरलं. आता त्या पाचही कपाटात एका डब्यात आहेत आणि कपाट उघडायचं माझ्या जिवावर येतं.

माझं चुकलं, दादा. मला माफ कर.

मोटर काढल्यावर यंत्रात तीन भोकं राहिलीत. तीही तू येऊन बघ आणि मला काय बोलायचं ते बोल.

भावना


८ ऑक्टोबर २०२५

दादा,

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहायला घेतली आणि दोन आठवडे गेले.

बाबांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी कटर माझ्या हातात दिला. तू एकोणतीस वर्षांचा होतास, सातवीपासून चाकावर बसलेला. कटर तुझ्याकडे येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तू सरावाला तांब्याच्या चकत्यासुद्धा कापून ठेवल्या होत्यास. बाबा तुला म्हणाले, "संदेश, तू चाकावरच रहा." तू त्या चकत्या उचलल्यास आणि माझ्यापुढे आणून ठेवल्यास. त्यानंतर घरी कोणी आलं की सांगायचास, "कलाकार ही, मी हमाल." हसत सांगायचास, लोकही हसायचे. मीसुद्धा हसायचे.

बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात तू त्यांची औषधं आणायला गेला होतास. मी पायांना तेल लावत होते. ते म्हणाले, "भावने, कटर शिकवता येतो. तुला दोन वर्षांत आला. चाक शिकवता येत नाही. संदेशच्या हातात ते आपसूक आहे, माझ्याही हातात नव्हतं. म्हणून मी त्याला तिथून उठवला नाही. त्याला वाटतं मी त्याला कमी लेखलं. माझ्यानं त्याच्या तोंडावर बोलवत नाही. तू सांग त्याला."

मी हो म्हटलं.

त्याला चौदा वर्षं झाली. पहिलं वर्ष दुःखात गेलं, मग तशी वेळ आली नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खरं कारण ते नाही. तुला हे सांगितलं असतं तर मी कोण उरले असते? दोन वर्षांत शिकता येणारं काम करणारी एक बाई. एवढ्यासाठी मी तुला चौदा वर्षं हमाल राहू दिलं. तू हसत होतास म्हणून तुला काही वाटत नसेल असं मी धरून चालले. तुला वाटत होतं. हँडल पिशवीत घातलंस तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघून मला कळलं.

तू आता आला नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. पण हे तुझ्यापर्यंत पोचलं एवढं कसंही करून कळव. कोरं पोस्टकार्ड टाकलंस तरी मला समजेल.

भावना


१५ ऑक्टोबर २०२५

दादा,

काल वहिनीचा फोन आला.

आधी तिनं नुसतं "ताई" म्हटलं. मग म्हणाली, "ह्यांना जुलैमध्ये अटॅक आला. लकव्याचा. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं पण गेलं."

जुलैमध्ये. म्हणजे मी राखी पाठवली त्याच्याही आधी. तेवढं तरी तुझ्या हातून होईल, असं मी लिहिलं होतं. सही करायलाही तुला जड झालं, असं लिहिलं होतं.

मी विचारलं, "त्याला कळतं का?"

"डॉक्टर बोलतात, थोडं कळतं, थोडं नाही. कधी नाव घेतलं की बघतात. कधी पंखा बघावा तसं माझ्याकडे बघतात."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

ती म्हणाली, "ह्यांनीच सांगितलेलं, भावनाला आपलं काही कळवायचं नाही. ते मागे, चांगले होते तेव्हा. नंतर ते बोलायचेच बंद झाले. त्यांचं सांगितलेलं मी कसं मोडू? आजपण मोडलंच ना मी."

मी तिला काय बोलणार होते? मी तिच्या जागी असते तर फोनही केला नसता.

माझी पत्रं ती तुला वाचून दाखवत होती. पापडाचंही वाचलं. मी माफी मागितली तेही वाचलं. तू खिडकीकडे बघत होतास म्हणाली. बाबांचं मात्र तिनं वाचलेलं नाही. "ताई, ते पत्र मी घडी घालून ठेवलंय. एवढी वर्षं तुम्ही तोंडात धरलंत, आता तोंडानंच सांगा. माझ्याकडून नको." दर्शना वहिनी इतकं कठोर बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. तिचं बरोबर आहे.

फोन ठेवता ठेवता तिनं हँडलचं सांगितलं. फिजिओवाल्यानं तुझा डावा हात चालता ठेवायला सांगितलाय. घरात दुसरं काही सापडेना म्हणून तिनं ते हँडल खिडकीच्या ग्रिलला बसवून घेतलं. तू ते फिरवत बसतोस. "पण सरळ नाही फिरवत हो. थांबत थांबत. मी मोजलं एकदा, एका फेऱ्यात बारा वेळा हात हळू होतो. फिजिओवाला बोलला, हातात पण थोडा दोष आलाय."

मी म्हटलं, "वहिनी, तो दोष नाही." तिनं फोन ठेवला.

सकाळपासून मी एकच विचार करतेय आणि त्याची मला लाजही वाटतेय. तुझा डावा हात शाबूत आहे. चाकाला डावाच लागतो. वहिनीला पुन्हा फोन करून विचारलं, त्याला खुर्चीत बसवून खाली आणता येईल का, हर्षित गाडी पाठवेल. ती म्हणाली, ऑगस्टमध्ये दवाखान्यात नेताना जिन्यावर खुर्ची निसटली आणि तू पडलास. तेव्हापासून दाराशी नेलं की तू चौकट धरतोस आणि रडतोस. डॉक्टर घरी येतात. मग यंत्रच तुझ्याकडे न्यावं म्हणून हर्षितला विचारलं. तो लगेच विठ्ठलवाडीला जाऊन जिना मोजून आला. तीन मजले, लिफ्ट नाही, वळणावर आपलं यंत्र वळतच नाही. वळलं असतं तरी सोसायटीनं स्लॅबवर ठेवू दिलं नसतं.

हात तिथे आहे, चाक इथे आहे. मध्ये तीन जिने आहेत आणि माझ्यानं त्यांचं काही होत नाही.

भाऊबीजेला येतेय. तू नको म्हणालास तर परत जाईन, असं लिहिणार होते. तू नको म्हणू शकत नाहीस, हे लिहिताना लक्षात आलं.

भावना


२४ ऑक्टोबर २०२५

दादा,

काल मी येऊन गेले. ते तुझ्या लक्षात राहिलं असेल की नाही हे मला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते.

तू बारीक झालायस. दाढी वहिनी चांगली करते. तुला निळा शर्ट घातला होता, मागच्या भाऊबीजेला मी दिलेला. भाऊबीज झाली आणि पंधरा दिवसांत मी मोटर लावली. तो शर्ट तू टाकून दिला नाहीस.

ओवाळताना तू निरांजनाकडे बघितलंस, माझ्याकडे नाही. करंजी भरवली तर अर्धी खाल्लीस. मी ओळखीची वाटले का, ते मला तुझ्या डोळ्यांत शोधूनही सापडलं नाही. मग तू खुर्ची सरकवावी अशी खूण केलीस, वहिनीनं सरकवली आणि तू हँडलाला हात घातलास.

दादा, मी पहिल्यांदा पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भिंगाशिवाय, तुझ्या हाताकडे तोंड करून बसले. उंचवटा येण्याच्या जरा आधीच तुझं मनगट आवरतं. उंचवट्यावर नाही, आधी. राघोकाकांना मी चुकीचं सांगितलं होतं. मागे ना फूल ना तबकडी, ग्रिलमध्ये नुसता एक लोखंडी दांडा फिरत होता, आणि तुझ्या हाताला बाराच्या बारा पाकळ्या बरोबर सापडत होत्या.

मी सांगितलं. बाबांचं वाक्य न् वाक्य, त्यांनी सांगितलं त्याच क्रमानं. "चाक शिकवता येत नाही" म्हटलं तेव्हा तुझा हात थांबला. आठव्या पाकळीवर थांबला, मी मोजत होते. किती वेळ थांबला ते सांगता येणार नाही. मग नववी, दहावी, अकरावी, बारावी. तुला कळलं म्हणून थांबलास, की हात दमला म्हणून, हे मी वहिनीलाही विचारलं. ती म्हणाली, "मधेच थांबतात कधी कधी." मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्या वेळी हात थांबला नाही.

मग मला राहवेना. स्टूल ओढून मी तुझ्या समोर बसले आणि ग्रिलच्या आडव्या पट्टीवर उजवा अंगठा दाबून धरला, कटर धरते तसा. तुझा एक फेरा झाला की अंगठा जरासा पुढे सरकवायचा. तू बघितलंस. माझ्याकडे नाही, अंगठ्याकडे. आणि तुझा हात संथ झाला, कामावर असायचा तितका. आपण एक शब्द न बोलता बसलो होतो, एरवी बसायचो तसे. वहिनी दारात उभी राहून पदरानं नाक पुसत होती.

पन्नास फेरे झाल्यावर तिनं तुझा हात धरला. पन्नासाच्या वर द्यायचे नाहीत, फिजिओवाल्यानं बजावलंय. तू हँडल सोडेनास. तिनं एकेक बोट सोडवलं. मी म्हटलं, "अजून दोनशे अडतीस राहिलेत." ती म्हणाली, "ताई, हात पण जाईल मग."

निघताना मी तुझ्या पाया पडले. तू ग्रिलकडे बघत होतास.

मी पुन्हा येईन. तुला आवडो, न आवडो.

भावना


३० नोव्हेंबर २०२५

दादा,

आज यंत्र गेलं. हर्षितनं चेन-पुली आणि सहा माणसं आणली होती. बाबांनी ते कारखाना बंद पडल्यावर बैलगाडीतून आणलेलं म्हणे, आज टेम्पोतून गेलं. जमिनीवर चार पायांचे चौकोन राहिलेत, तिथली फरशी नवीकोरी आहे. राघोकाका बघायला आले होते. त्यांनी यंत्राला हात लावून नमस्कार केला.

त्या नाशिकच्या गृहस्थांनी लेझरची घड्याळं घेतली नाहीत. हर्षितनं परोपरीनं सांगितलं, सगळ्या बारा तबकड्या एकसारख्या करून देतो. ते म्हणाले, "झालीत तेवढी द्या." सात घड्याळं घेऊन गेले. पेटी बारा खणांचीच करून घेतली, चैत्र ते आश्विन भरलेले, कार्तिक ते फाल्गुन रिकामे. सातांच्याही मागे 'सं' आहे आणि 'भा' आहे. त्यांनी कधी उघडली तर दिसेल.

शोरूममध्ये यंत्रापुढे पाटी लावायची म्हणून हर्षितनं मजकूर विचारला. मी लिहून दिलं, चाक: संदेश विश्राम, आणि त्याखाली, कटर: भावना विश्राम. "ताई, कलाकार म्हणून काही लिहायचं का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, लिहिलंय की.

मग तो यंत्राभोवती फिरला आणि म्हणाला, "ताई, हे हँडल नवीन आहे ना? जुनं ओरिजिनल आहे का कुठे? काचेत तेच छान दिसेल. कलेक्टर लोक असं लगेच ओळखतात."

मी म्हटलं, ते हरवलं.

वहिनी सांगत होती, पन्नासाचे आता साठ फेरे दिलेत. मी दर रविवारी येतेच आहे, स्टूल तिथेच राहू द्यायला सांगितलंय. तुला बाबांचं कळलं की नाही, हे मला कधीच समजणार नाही. दर रविवारी मी ते पुन्हा सांगते आणि तुझ्या हाताकडे बघते.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट मागितली होती. ती आता पाठवू नकोस.

भावना